कासविणीला काढा

४ मार्च, मंगळवार

आज हाताचं प्लास्टर काढलं. आतून जो हात निघाला तो माझा नव्हेच, कुठल्यातरी वाळक्या बाईचा. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिहीत जा, बोटं मोकळी होतील. मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली, त्यानंतर सामानाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहिलं नाही. ती म्हणाली, दिवसभरात घडेल ते लिहा. घडतं काय डोंबल माझ्या दिवसात? पण सुनेने ही जाड वही काढून दिली. वहीवर छापलेलं वर्ष जुनं आहे, वार जुळत नाहीत. ते मी खोडून नवे घालते. वाया काही घालवू नये.

आमच्या घरात आम्ही तिघी. मुलगा जहाजावर असतो, वर्षातून एकदा उगवतो, जेवतो, झोपतो, मावळतो. सून दवाखान्यात औषधं मोजून देते. आणि माझी नात, भिंगरी. नाव चांगलं आहे तिचं, पण लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून मी भिंगरी म्हणते. ती कॉम्प्युटरवर सिनेमा करते, तो बाहुल्यांसारखी माणसं असतात तो. गेली दोन वर्षं एकाच सिनेमावर बसली आहे. त्यात काय करतेस असं विचारलं की ओठ शिवते. कंपनीची ताकीद आहे म्हणे.

पोरीला एक खोड लागली आहे, माझे व्हिडिओ काढायची. उठताना काढते, बसताना काढते, जिना चढताना मागून काढते. मागून काय दिसतं माझं, स्वेटर. मी समजून आहे. म्हातारं माणूस, आज आहे उद्या नाही, आठवण म्हणून काढून ठेवत असेल. मीही मग केस नीट करते.

आजसुद्धा दवाखान्यातून आलो तर मी दारात किल्ली शोधतेय आणि ही मागे फोन धरून उभी. माझ्या जुडग्यात आधीच्या दोन घरांच्या किल्ल्या आहेत, विकलेल्या कपाटाची आहे, नवऱ्याच्या सायकलची आहे. सून म्हणते, आई, ते लोखंड फेका आता. कशाला फेकू? एकेकीची गोष्ट आहे. भिंगरीला आज कपाटाची सांगितली, तिचा बाप त्यात लपून झोपला होता आणि आम्ही विहिरी धुंडाळत होतो ती.

खरं लिहायचं तर दाराची किल्ली माझ्या हाताला लगेच लागते, बोटांना ओळखीची आहे. पण आत गेलं की पोरगी तिच्या खोलीत, सून स्वयंपाकघरात, आणि मी खिडकीत. दारात निदान पोरगी मागे उभी असते. हे कुणाला सांगायचं नाही.

हात दुखला. पुरे.

७ मार्च, शुक्रवार

मोठी बातमी. रविवारी सिनेमाचा ट्रायल शो आहे आणि आम्हाला बोलावणं आहे. भिंगरीने जेवताना सगळं समजावलं. सिनेमा अजून अर्धामुर्धा आहे. पण पुरा करण्याआधी तो साध्या माणसांना दाखवतात आणि मतं घेतात. लोकांना जे आवडत नाही ते कापून टाकतात. घरची माणसं चालतात, फक्त आपल्या माणसाने काय केलंय हे त्यांना सांगायचं नाही, नाहीतर सगळे आपल्याच लेकराची टिमकी वाजवणार.

मी म्हटलं, मला इशाऱ्याने सांग. नाही म्हणाली. मी म्हटलं, बरं, त्याला पाय किती ते तरी सांग. सून हसायला लागली. भिंगरी म्हणाली, चार. बस, याच्यापुढे विचारू नकोस आजी.

चार पाय. म्हणजे माणूस नाही. झोप लागणार नाही आता.

९ मार्च, रविवार

शो बघून आले. कुठून सुरुवात करू.

आमच्याबरोबर माझी धाकटी जाऊ होती, ती खालच्याच मजल्यावर राहते. मला स्वर्गातसुद्धा एकटीने जाऊ द्यायचं नाही, असं तिचं म्हणणं. शेजारचे मास्तर होते, गणित शिकवून निवृत्त झालेले. आणि कोपऱ्यावरची शिंपीण. खुर्च्या इतक्या मऊ की बसल्यावर उठायची पंचाईत. मक्याच्या लाह्या फुकट होत्या. जावेने दोन पुडे घेतले.

सिनेमाची गोष्ट अशी. एका बहीणभावाच्या घराचं दार वाऱ्याने उडून जातं. दार नाही तर घराला घर कोण म्हणणार? म्हणून ती पोरं ढगांवरच्या देशात दार शोधायला निघतात. वाटेत त्यांना ढगाचा घोडा भेटतो. काय तो घोडा! दौडला की त्याचे तुकडे होऊन मागे पाऊस पडतो आणि पुढे तो पुन्हा जुळतो. मी तर लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. चार पाय, मी मोजले. लगेच ओळखलं. माझी भिंगरी लहानपणी सोफ्याच्या हातावर बसून मैलोन्‌मैल जायची. घोडा तीच करणार, दुसरं कोण?

आणि मग येते ती कासवीण. एका लांबलचक पुलावर फाटक, फाटकाशी ही बसलेली. अंगावर शाल, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. पोरं घाईत, सूर्य मावळतोय, मावळला की दार कायमचं जाणार. आणि बाईसाहेब एकेक किल्ली हातात घेतात, तिला म्हणतात, तू नव्हेस गं, आणि तिची गोष्ट सांगतात. मग दुसरी. मग तिसरी. किल्ल्यांशी बोलतं का कुणी? मला असा संताप आला. बाई, तोंड मिट आणि फाटक उघड. बरं, अंगात रंगसुद्धा भरला नव्हता, नुसती करडी, मातीच्या ढेकळासारखी. आणि किल्ली सापडायच्या आधीच पडद्यावर पाटी आली, इथे चित्र बाकी आहे. पुढच्या क्षणी पोरं पुलापलीकडे. म्हणजे एवढं दळण दळून पीठ कुठे गेलं ते कळलंच नाही.

संपल्यावर एक पोरगी माइक घेऊन फिरली. माणसाच्या हातात माइक दिला की त्याची अक्कल बाहेर पडते, आणि बाहेर पडली की किती थोडी होती ते दिसतं. मास्तर उठले. म्हणाले, चित्रपट ठीक आहे, परंतु यातून मुलांनी बोध काय घ्यावा? घराची दारं घट्ट लावावीत, हा? मास्तरांना आंबट द्राक्ष दिलं तरी ते त्यातला बोध शोधतील. शिंपीण म्हणाली, त्या मुलीच्या झग्याला ना बटण, ना चेन, आणि गळा एवढासा. ती त्यात शिरली कुठून? मला आधी ते सांगा. एक बाप म्हणाला, माझ्या मुलाला भीती वाटली. मुलगा म्हणाला, नाही वाटली. एका बाईने सांगितलं की डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ती जांभई देत होती, मी पाहिलं. जावेने माइक सोडलाच नाही. तिला सगळं आवडलं, पण आवाज मोठा होता, पण गाणी छोटी होती, पण शेवट गोड होता, पण फार गोड होता. त्या पोरीने शेवटी माइक ओढून घेतला.

मग मी मागितला. म्हटलं, घोडा सोन्यासारखा आहे, त्याला हात लावू नका. पण त्या कासविणीला काढा. अशी बडबडी म्हातारी मी जन्मात पाहिली नाही. कुठलं घर तिला सहन करेल? सगळं थिएटर हसलं. मला आवडलं ते. जाऊ तर इतकी हसली की लाह्या सांडल्या.

भिंगरी शेवटच्या रांगेत उभी होती. घरी येताना गप्प होती. दमली असेल.

११ मार्च, मंगळवार

भिंगरी जेवत नाही. म्हणते भूक नाही. सकाळी आरशासमोर ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिली.

सुनेकडून काढून घेतलं. सिनेमा लांब झाला आहे. एकतर घोडा जाणार, नाहीतर कासवीण. येत्या रविवारी दुसरा शो आहे, त्यातल्या मतांवर ठरणार. ज्यांचं कापलं जाईल ती मंडळी घरी बसणार. पुढच्या सिनेमाला घेतील न घेतील. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. आत्ता बहुतेकांनी लिहिलंय की कासवीण नको. मी म्हटलं, मग उत्तम झालं की. सून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आई, तुम्ही एकदा शांतपणे बघाल का तिला? मी म्हटलं, कुणाला? ती म्हणाली, जाऊ द्या.

मला कळलं. घोड्यावर संकट आहे आणि मला धक्का बसू नये म्हणून सांगत नाहीत. प्लास्टर काय काढलं, मला काचेची समजायला लागले.

चष्मा शोधायला गेले तर आधी हाताला जुनाच लागला. त्याला म्हटलं, तू नव्हेस बाबा, तू बस तिथे. मग नवा सापडला, डोक्यावर. आता स्वस्थ बसून चालायचं नाही. रविवारी जी माणसं शोला येणार ती आधी आपल्या बाजूला पाहिजेत.

१३ मार्च, गुरुवार

आज बाहेर पडले. गुडघा कुरकुर करत होता, त्याला म्हटलं, चल रे, आज तुझ्यावाचून चालणार नाही.

पहिल्यांदा मास्तर. त्यांच्या घरात पुस्तकं भिंतीला टेकून उभी आहेत, बसायला जागा नाही, आणि चहा विचारतात तेव्हा आवाजावरून कळतं की नाही म्हणायचं आहे. मी हो म्हटलं. मग बोलले, मास्तर, त्या कासविणीबद्दल बोध काय हो? नेमून दिलेलं काम करायचं सोडून गप्पा मारायच्या, हा? मास्तरांचे डोळे चमकले. म्हणाले, वहिनी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कर्तव्यात कसूर! लिहून देतो. एक झाला.

शिंपिणीकडे गेले. ती पाय मशीनवर ठेवूनच ऐकत होती. म्हणाली, आजी, झग्याचं मी सोडणार नाही, पण त्या कासविणीच्या शालीचं काम चोख आहे हो. डाव्या बाजूला उसवलेली जागा आतून टीप घालून बंद केली आहे, बाहेरून दिसत नाही. अशी टीप या भागात फक्त मी घालते. मी म्हटलं, ते राहू दे, तू काढा म्हणून लिही. ती म्हणाली, तुमचा स्वेटर आणता का इकडे, मागच्या खेपेला डाव्या बाजूला मीच शिवला होता ना? विषय कुठला, हिचं चाललंय काय. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये एवढंच दिसतं हिला. पण लिहिते म्हणाली.

जाऊ मात्र अडून बसली. म्हणे, मला कासवीण आवडली. तिला बघून मला कुणाची तरी आठवण येते. कुणाची ते सांगेना, नुसती पदराआड हसल्यासारखी हात तोंडावर धरून हसत होती. मला वाटतं आमच्या जुन्या घराची मालकीण, तीही अशीच भाडं घ्यायला यायची आणि उठायची नाही. मी म्हटलं, भिंगरीसाठी एवढं कर. जाऊ एकदम गंभीर झाली. म्हणाली, भिंगरीसाठीच म्हणताय ना जाऊबाई? पक्कं? मी म्हटलं, पक्कं. ती म्हणाली, तुमची नात, तुम्ही बघा. मी लिहीन तुम्ही सांगाल ते. पण मला हे पटत नाही.

तिला आयुष्यात काय पटलंय? माझ्या लग्नातला माझा फोटोसुद्धा तिला पटला नव्हता, आणि तेव्हा ती घरात आलीही नव्हती.

खूश आहे आज. नातीला सांगितलं नाही, चुपचाप करते आहे. ती ऑफिसातून आली तशी सोफ्यावर बूट न काढता झोपली. आल्या आल्या तिने एवढंच विचारलं, आजी, तुला ती कासवीण खरंच इतकी वाईट वाटली? मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. तिने डोळे मिटून घेतले.

१५ मार्च, शनिवार

काय लिहू. हात चालतोय पण मन चालत नाही.

दुपारी सून कामावरून आली ती सरळ माझ्या खोलीत. ती कधी येत नाही तशी. जावेने जिन्यात तिला सगळं सांगितलं होतं, मास्तर, शिंपीण, सगळं. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. म्हणाली, "आई, तुम्ही कुणाला काढायला निघाला आहात, कळतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, कासविणीला. घोडा वाचायला नको?

सून खाली बसली, माझ्या पलंगावर. मग हळू म्हणाली, "मी काही बोलणार नाही, मी तिला शब्द दिलाय. एवढंच सांगते. घोडा तिने केलेला नाही."

एवढं बोलून ती भाजी निवडायला गेली.

मी बसले तशी बसले. कासवालाही पाय चारच असतात, हे म्हातारीच्या डोक्यात येऊ नये? मी भरल्या थिएटरात उभं राहून सांगितलं, काढा तिला. लोक हसले म्हणून खूश झाले. पोर मागे उभी होती. आणि परवा तिने विचारलं तेव्हाही मी काय म्हटलं? काळजी करू नकोस. हिच्या जिवावर उठून वर हिलाच धीर दिला.

रडून घेतलं थोडं. मग उठले. रडण्याने मतं बदलत नाहीत.

मास्तर दारात आले ते हातात कागद घेऊनच, कासविणीच्या कर्तव्यावर निबंध लिहून तयार होता. मी म्हटलं, फाडा. ते म्हणाले, "परवा आपणच म्हणालात, वहिनी." मी म्हटलं, परवा मी मूर्ख होते. ते म्हणाले, आणि आज? मी म्हटलं, आजही आहे, पण दिशा बदलली आहे. कारण सांगता येत नव्हतं, नातीचं नाव घ्यायची चोरी. मास्तर म्हणाले, कारणाशिवाय उत्तर बदलणं ही कॉपी झाली. मी विचार करीन.

शिंपिणीने काही विचारलं नाही. म्हणाली, आजी, मी काढा असं लिहिणारच नव्हते, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं होतं. आणि जाऊ? मी दार वाजवलं तर उघडून म्हणाली, पेटली का ट्यूब? म्हटलं, अर्धी पेटली. ती म्हणाली, उरलेली उद्या पेटेल. काय बोलते तिचं तिला माहीत. चहा मात्र दिला, साखर बरोबर होती. तिच्याकडे इतक्या वर्षांत साखर कधी बरोबर नव्हती.

भिंगरी आज घरी आलेली नाही. कासविणीचं राहिलेलं चित्र उद्यापर्यंत पुरं करायचं आहे म्हणे. त्या पाटीच्या जागी.

१६ मार्च, रविवार

आज सावकाश लिहिणार आहे.

आमची जागा तीच. भिंगरी मागे, तोंड उतरलेलं, केस विंचरलेले नाहीत. मी तिच्याकडे बघून हात हलवला. तिने हलवला नाही. बरोबर आहे.

घोडा आला. आज मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांनी केला त्यांच्या घरीही कुणी आजी असेल, तिने वाजवाव्यात.

मग पूल आला. आज कासविणीला रंग होता. शेवाळी पाठ, भलंमोठं नाक, तपकिरी शाल, डाव्या बाजूला शिवलेली. शिंपिणीने मला कोपराने ढोसलं. कासवीण पोरांना बघून उठते. उठताना एक हात गुडघ्यावर, एक फाटकावर, आणि तोंडाने म्हणते, चल रे. मनाशी नव्हे, गुडघ्याशी. मी म्हटलं, ही तर अगदी... पण तेवढ्यात तिने अंगठा जिभेला लावला आणि किल्ली सरकवली, आणि मला वाटलं मी हे कुठेतरी पाहिलंय. पाहिलेलं नाही, केलेलं आहे. तू नव्हेस गं, म्हणाली ती. पुढच्या रांगेतली एक लहान पोरगी तिच्याबरोबर म्हणायला लागली, तू नव्हेस. मग आणखी दोघं पोरं. मोठी माणसं घड्याळं बघत होती आणि पोरं कासविणीबरोबर किल्ल्या मोजत होती. जाऊ माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही.

मग ती राहिलेली जागा आली.

कासवीण जुडग्यातली सगळ्यात पहिलीच किल्ली काढते आणि फाटक उघडते. भाऊ चिडतो, म्हणतो, ही तर तुझ्या हातात पहिल्यापासून होती. ती म्हणते, होती की. पण फाटक उघडलं की सगळे जातात. तुम्ही जरा थांबलात, बरं वाटलं. मग ती पुन्हा जाऊन तिच्या जागेवर बसते आणि पोरं जातात. बहीण एकदा मागे वळून बघते. एवढंच.

 नाक, शाल, गुडघा, ते जाऊ दे. तसल्या म्हाताऱ्या पुष्कळ असतील. पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, मुलाला नाही, नवरा होता तेव्हा त्यालाही नाही. या वहीत लिहिलं खरं, पण चित्र त्याच्याआधीच ठरलेलं असणार, दोन वर्षांचं काम ते.

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. मी एकेक किल्ली चाचपत होते, सायकलची, कपाटाची, आणि ती मागे उभी राहून, सगळं कळून, थांबत होती. तिला उशीर होत असेल, पाय दुखत असतील. एकदाही म्हणाली नाही, आजी, उघड.

माइक आला. आधी एक बाप म्हणाला, कासवीण संथ आहे, मुलं कंटाळतात. त्याचं पोरगं मांडीवर बसून तू नव्हेस, तू नव्हेस करत होतं, पण ते ऐकायला बापाला वेळ कुठे. एक चकचकीत बाई म्हणाली, ती गोष्ट पुढे नेत नाही. मास्तर उठले तशी मला धाकधूक. म्हणाले, मी कर्तव्यात कसूर या विषयावर लिहून आणलं होतं. आता मला वाटतं, कसूर पोरांची होती. बसले. मास्तरांच्या तोंडून इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मी उठले. हात गुडघ्यावर ठेवून उठले आणि तेव्हाच आमची अख्खी रांग हसली, मुडदे. मी म्हटलं, "मागच्या रविवारी मीच म्हणाले होते, काढा हिला. म्हणाले असेन. लोक पुष्कळ काही बोलतात, फुकटच्या लाह्या खाऊन तर जास्तच. हे साहेब म्हणतात ती संथ आहे. पुलापर्यंत पळतच आलात ना? पलीकडेही पळणारच आहात. मध्ये घटकाभर म्हातारीजवळ बसलात तर काय बिघडलं? आणि तिला काढलंत तर फाटक कोण उघडणार, तो घोडा?"

हसले सगळे. मी मागे बघितलं नाही. मागे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

१९ मार्च, बुधवार

ठरलं. कासवीण राहिली. घोडा गेला. घोडा करणारी मंडळी दुसऱ्या एका सिनेमाच्या कामाला लागली असं भिंगरी म्हणते. मला बरं वाटावं म्हणून म्हणत नसेल ना, अशी शंका येते. खरंच चांगला होता घोडा.

आता जाऊ म्हणते, घोडा नाही तर सिनेमात राम उरला नाही. मास्तरांना बोध सापडला आहे, तो ते जिन्यात जो भेटेल त्याला सांगतात, वीज मोजायला आलेल्या माणसालाही सांगितला. शिंपिणीच्या सांगण्यावरून झग्याला मागे बटणं लावणार आहेत म्हणे, आणि ती आता मी सिनेमाचं काम करते असं गिऱ्हाइकांना सांगते. माणसांच्या मतांना काय, तीन दिवस ठेवली की नासतात.

भिंगरीशी मी त्या गोष्टीबद्दल बोललेले नाही. तीही नाही. काल जेवताना फक्त एवढं म्हटलं की कासविणीचं नाक फार मोठं केलंय, असं नाक कुणाचं नसतं. सून आणि ती एकमेकींकडे बघून खाली बघायला लागल्या. दोघींनी मिळून सगळं वाढलेलं संपवलं मात्र.

आज हात दाखवायला गेले होते. व्यायामवाली म्हणाली, बोटं छान चालतात, आता वही बंद केली तरी चालेल. भिंगरी ऑफिस सोडून बरोबर आली होती. जिना चढून दारात आलो. मी पर्स उघडली. ती मागे उभी. फोन आज पिशवीतच होता तिच्या.

दाराची किल्ली हाताला लागली, नेहमीसारखी. मी ती मुठीत धरली आणि सायकलची वर काढली.

"हिची गोष्ट सांगितली का गं तुला?"

"नाही," ती म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकली.

सांगितली आहे मी ती तिला, पुष्कळदा.